दीवाडचे बिशप, विजापूरचा आश्रय

१६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी नागासाकीत क्रुसावर मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन हुतात्म्यांना ‘धन्यवादित’ म्हणून घोषित केलं. त्या यादीत एक नाव आपल्या वसईचं होतं, गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी ते जेझुइटांबरोबर जपानला गेले, भाषा शिकले, मिशनच्या कामात वर्षानुवर्षं राबले. पण जेझुइट संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. शेवटी मनिलाला जाऊन ते फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना मरण आलं. आज वसईत त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे आणि इथल्या प्रत्येक ख्रिस्ती घराला ते नाव ठाऊक आहे.

हा गौरव झाला तेव्हा रोममध्ये गोव्याचा एक तिशी ओलांडलेला विद्यार्थी शिकत होता. त्याला गोव्यात धर्मगुरूची दीक्षा नाकारली गेली होती, म्हणून तो जमिनीच्या वाटेने पश्चिम आशिया तुडवत रोमपर्यंत आला होता. त्याचं नाव मातेउस द कास्त्रो, मूळ आडनाव महाले. दहा वर्षांनी तो बिशप झाला. लॅटिन परंपरेतला हा पहिला भारतीय बिशप. त्याला त्याच्या कामाची जागा दिली ती ख्रिस्ती राजाने नव्हे, तर विजापूरच्या आदिलशहाने. गोन्सालोंचं नाव आपल्या ओठांवर आहे, मातेउसांचं नाही. वसई-पालघरच्या ख्रिस्ती समाजाला पुढच्या काळात जे तारून गेलं, त्या गोष्टीसाठी हा माणूस आयुष्यभर भांडला, म्हणून त्यांची कहाणी सांगायची.

मातेउस जन्मले १५९४ च्या सुमारास, दीवाड बेटावर, नावेली गावात. मांडवीच्या पात्रातलं हे बेट जुन्या गोव्याच्या अगदी समोर आहे. गोमंतकात त्याचं मोठं माहात्म्य होतं ते सप्तकोटेश्वरामुळे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते देऊळ पाडलं, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या हद्दीत, नार्व्याला नेलं. डिचोली आदिलशाहीत होती आणि तिथे फिरंग्यांचा हात पोचत नव्हता. बेटावर मागे राहिलेली बरीच कुटुंबं ख्रिस्ती झाली. महाल्यांचं घर त्यांपैकीच एक. धर्म बदलला तरी ब्राह्मण कूळ हे ब्राह्मण कूळच राहिलं. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात जातींची उतरंड तशीच टिकली, आणि चर्चनेही ती मान्य केली. १६०६ च्या गोव्याच्या प्रांतिक धर्मपरिषदेने तर ठरावच केला होता की, दीक्षा द्यायची ती ब्राह्मण आणि तशाच कुलीन समजल्या जाणाऱ्या जातींतल्या उमेदवारांनाच.

म्हणजे कागदावर मातेउसांची बाजू भक्कम होती. मांडवीच्या मुखाशी रेईश मागोशला फ्रान्सिस्कनांची शाळा होती, तिथे ते शिकले. लॅटिन उत्तम, बुद्धी तल्लख, कूळ चोख. पण गोव्याचे आर्चबिशप क्रिश्तोव्हाँव द सा यांनी ब्राह्मणाला दीक्षा देणार नाही अशी शपथ घेतल्याचं सांगितलं जात होतं, तीही मिस्साग्रंथावर हात ठेवून. जे थोडे स्थानिक धर्मगुरू होते त्यांना युरोपीय पाद्र्यांच्या हाताखाली दुय्यम कामं मिळत. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन या संघांची दारं तर बहुतांशी बंदच होती. एतद्देशीय माणूस चांगला ख्रिस्ती होऊ शकतो, पण त्याच्या हाती धर्माची सत्ता द्यायची नाही, असा हा कारभार.

इथे एक बाब नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा झगडा तिच्याभोवती फिरतो. कॅथलिक रीतीत धर्मगुरू बाप्तिस्मा देऊ शकतो, मिस्सा अर्पण करू शकतो, लग्न लावू शकतो; पण दुसरा धर्मगुरू घडवू शकत नाही. डोक्यावर हात ठेवून दीक्षा देण्याचा अधिकार बिशपचाच. आणि पोर्तुगीज मुलखात बिशप कोण व्हावा हे सुचवण्याचा हक्क पोपने फार पूर्वी पोर्तुगालच्या राजाला देऊन टाकला होता. या व्यवस्थेला पाद्रुआदो म्हणत. चर्च बांधायचं, धर्मगुरूंना पगार द्यायचा, मिशनरी पाठवायचे, हा सगळा खर्च राजाचा. त्या बदल्यात नेमणुकाही राजाच्या. मिशनऱ्याने यायचं ते लिस्बनच्या जहाजातून, राजाच्या परवानगीने. तेव्हा गोव्याच्या आर्चबिशपने एकदा नाही म्हटलं की पूर्वेत दुसरीकडे दाद मागायला जागा नव्हती.

आपल्या किनाऱ्यावरही हीच व्यवस्था. दमणपासून डहाणू, तारापूर, केळवे-माहीम, आगाशी, वसईपर्यंतचा पट्टा पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांतात’ मोडायचा. वसईत राहणारे फिदाल्गो म्हणजे खानदानी पोर्तुगीज सरदार, आणि त्यांच्याकडे गावंच्या गावं खंडाने दिलेली. तारापूर म्हटलं की आज आपल्याला अणुवीज केंद्र आठवतं. पण त्याच्या शेजारी समुद्रकाठी जी गढी उभी आहे, ती या प्रांताच्या राखणीसाठी होती. कोळी, भंडारी, कुपारी, वाडवळ शेतकरी यांच्यात धर्मप्रसार झाला. पण चर्चच्या मोठ्या जागांवर माणसं समुद्रापलीकडची.

मातेउस १६२१ च्या सुमारास गोव्यातून निघाले आणि १६२५ मध्ये रोमला पोचले. वाटेत कार्मेलाइट पाद्र्यांनी त्यांना हात दिला. वेळ अगदी योग्य होती. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी ‘प्रोपागांदा फिदे’ नावाचं नवं खातं काढलं होतं. जगभरच्या मिशनांचा कारभार राजांच्या हातून सोडवून रोमकडे आणायचा, हा त्याचा उद्देश. त्याचे पहिले सचिव फ्रान्सेस्को इन्गोली यांच्या टेबलावर पूर्वेकडच्या तक्रारींचे ढीग पडत होते. पाद्रुआदो मिशनचं भलं करण्याऐवजी त्याच्या मुळावर येतंय, हे त्यांचं मत पक्कं होत चाललं होतं. अशात गोव्याचा एक जाणकार, लॅटिन बोलणारा, अन्याय झालेला उमेदवार स्वतःच्या पायांनी दारात येऊन उभा राहिला. इन्गोली त्यांचे कायमचे पाठीराखे झाले.

रोममध्ये मातेउसांनी धर्मशास्त्राचं शिक्षण पुरं केलं आणि १६३० मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. पोपची अधिकारपत्रं घेऊन ते १६३३ ला गोव्यात परतले. गोव्याने ती पत्रं मानली नाहीत. राजाच्या परवानगीचा शिक्का नसलेला कागद, मग तो पोपचा का असेना, तिथे चालत नव्हता. मातेउस पुन्हा रोमला गेले, १६३६ मध्ये. या खेपेला रोमने निराळा मार्ग काढला.

तो असा. पोर्तुगीज मुलखात नवा बिशप नेमला तर पाद्रुआदोचा भंग होतो. मग जिथे पोर्तुगीजांचं राज्यच नाही, अशा मुलखासाठी नेमायचा. तिथे रीतसर धर्मप्रांत स्थापन न करता पोपचा थेट प्रतिनिधी ठेवायचा, म्हणजे व्हिकर अपोस्टोलिक. त्याला बिशपचे सगळे अधिकार द्यायचे, पण नावाला पद द्यायचं एखाद्या लयाला गेलेल्या प्राचीन शहराचं. १६३७ मध्ये गाजावाजा न करता मातेउसांना क्रिसोपोलिसचे बिशप म्हणून अभिषेक झाला. त्या शहराशी त्यांचा आयुष्यात कधी संबंध येणार नव्हता. त्यांचं खरं कार्यक्षेत्र होतं ‘इदलकांवचं राज्य’. पोर्तुगीज आदिलखानाला इदलकांव म्हणत.

तेव्हा आदिलशाही ऐन भरात होती. मुहम्मद आदिलशहा गादीवर होता, गोलघुमट त्याचाच. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, तिची वाटणी झाली आणि कल्याण-भिवंडीसकट कोकणचा मोठा भाग विजापूरकडे आला. शहाजीराजे याच दरबारात रुजू झाले. म्हणजे मातेउसांच्या नेमणुकीच्या वेळी विजापूरची हद्द वसईच्या पोर्तुगीज मुलखाला येऊन भिडली होती. खाडीच्या एका काठावर लिस्बनच्या राजाचा धर्मकारभार; दुसऱ्या काठावर, निदान रोमच्या कागदांत, दीवाडच्या महाल्यांचा. हा नकाशा मला फार बोलका वाटतो. आपण या काळाचा इतिहास वाचतो तो लढायांचा आणि तहांचा. पण सीमेच्या दोन्ही अंगांना एकाच धर्माचे दोन परस्परविरोधी अधिकार उभे होते, हे सहसा कुणी सांगत नाही.

भारतात परतल्यावर बिशप मातेउस डिचोलीला राहिले. ज्या डिचोलीच्या मुलखात दीवाडच्या देवाला आसरा मिळाला, तिथेच आता दीवाडच्या बिशपलाही मिळाला. पुढे १६६८ मध्ये शिवाजीमहाराजांनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं देऊळ बांधून काढलं. देवळापासून दीवाड नजरेच्या टप्प्यात आहे, मध्ये एवढीच मांडवी. बिशपांचं जन्मगाव इतकं जवळ होतं, आणि तिथे पाऊल ठेवणं धोक्याचं होतं.

आदिलशहाकडून त्यांनी चर्च बांधण्याची परवानगी मिळवली. डिचोली, बांदा आणि वेंगुर्ले या ठिकाणी त्यांचं काम उभं राहिलं. सुलतानाने हे का केलं? धर्माविषयीची उदारता हे एक कारण असेल, पण दरबाराचा हिशेबही सरळ होता. आदिलशाही फौजेत फिरंगी गोलंदाज आणि कारागीर होते, बंदरांत ख्रिस्ती खलाशी आणि दलाल होते. त्यांच्या धर्मकार्यासाठी गोव्याच्या तोंडाकडे पाहावं लागणं विजापूरला परवडणारं नव्हतं. गोव्याशी वैर असलेला, गोव्याची नस न्‌ नस ठाऊक असलेला आणि थेट पोपशी पत्रव्यवहार असलेला माणूस पदरी असणं, हे कुठल्याही दरबाराला हवंच असतं. शिवाय १६३७ पासून वेंगुर्ल्यात डचांची वखार होती. डच म्हणजे पोर्तुगीजांचे कट्टर शत्रू, त्यात प्रोटेस्टंट. मातेउसांचं त्यांच्याशीही येणंजाणं होतं, आणि गोव्यात त्याचा बोभाटा झाला.

डिचोलीत त्यांनी सगळ्यात महत्त्वाचं काम केलं ते दीक्षा देण्याचं. गोव्याने दारातून परत पाठवलेले तरुण नदी ओलांडून यायचे. बिशप त्यांची परीक्षा घेऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचे. गोव्याला हे सर्वांत झोंबलं. एखादं चर्च कमी-जास्त झालं तर चाललं असतं. पण धर्मगुरू घडवण्याची किल्लीच दुसऱ्याच्या हातात गेली होती. डिचोलीत दीक्षा घेतलेल्यांना गोव्याने मान्यता दिली नाही. इथिओपियातून हाकलले गेलेले आणि गोव्यात राहणारे जेझुइट पेट्रिआर्क आफोन्सो मेंदिश यांनी तर बिशप मातेउसांच्या कातडीच्या रंगावरून हिणकस शब्द वापरले. ते शब्द इथे देण्याची गरज नाही. एका बिशपने दुसऱ्या बिशपविषयी असं लिहावं, यातच तो काळ दिसतो.

बिशपांनी पुन्हा रोम गाठलं. मधल्या काळात इथिओपियाची जबाबदारीही त्यांच्याकडे सोपवली गेली, तिकडे मात्र त्यांच्या हाती काही लागलं नाही. १६४९ मध्ये इन्गोली वारले आणि रोममधला बिशपांचा सर्वांत खंबीर आधार गेला. बिशप डिचोलीला परतले तेव्हा पन्नाशी उलटलेली होती आणि मन कडवट झालेलं होतं.

१६५३ साली त्यांनी पोर्तुगीज भाषेत एक पत्रवजा पुस्तिका लिहिली. तिचं नाव ‘ब्राह्मणांचा आरसा’. गोव्यातल्या ख्रिस्ती ब्राह्मणांना त्यांनी त्यात चेतवलं होतं. फिरंग्यांनी आपल्याला खाली दाबलंय, उठा, असा तिचा रोख. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्यात भलतंच घडलं. खुद्द पोर्तुगीजांनीच आपला व्हाइसरॉय ओबिदुशचा काउंट याला पदच्युत केलं आणि दों ब्राझ द कास्त्रो सत्तेवर बसला. आडनाव एकच असलं तरी त्याचा आपल्या बिशपांशी काही संबंध नाही. गोवा असा आतून पोखरलेला पाहून १६५४ मध्ये आदिलशाही फौज बार्देश आणि साष्टीत घुसली. स्वारी फसली. पण गोव्याच्या लेखी या सगळ्यामागे डिचोलीचा बिशपच होता.

या स्वारीत त्यांचा हात किती, यावर वाद घालता येईल. माझं मत असं की, त्यांनी स्वारीला विरोध केला नसणार, आणि ती यशस्वी झाली असती तर त्यांना आनंदच झाला असता. ‘आरसा’ लिहिणारा माणूस तटस्थ नव्हता. त्यांना देशद्रोही म्हणणाऱ्या पोर्तुगीज बखरकारांना मात्र एक प्रश्न विचारावासा वाटतो, कुठल्या देशाचा द्रोह? ज्या राज्याने त्यांना दीक्षा दिली नाही, पोपची अधिकारपत्रं मानली नाहीत आणि बिशप झाल्यावरही माणूस म्हणून वागवलं नाही, त्या राज्याशी निष्ठा कशाची?

पण त्यांची दुसरी बाजूही झाकता कामा नये. ‘आरसा’ ब्राह्मणांना उद्देशून होता. गोव्यातल्या बाकीच्या ख्रिस्ती जातींना नव्हता, चार्डोंना नव्हता, सुदिरांना नव्हता, गावड्यांना तर नव्हताच. मातेउसांची तक्रार अशी की, कुलीन असूनही आम्हाला डावललं जातं. कुलीन नसलेल्यांना डावललं जातं याविषयी त्यांना काही म्हणायचं होतं असं दिसत नाही. रंगाच्या भिंतीवर त्यांनी डोकं आपटलं. जातीच्या भिंतीच्या आत मात्र ते सुखाने राहत होते. वसई-पालघरच्या आपल्या समाजात कोळी, भंडारी, वाडवळ, कुपारी, आदिवासी सगळेच आहेत. त्यांच्या नजरेतून पाहिलं तर ही त्रुटी लहान नाही. लढवय्या म्हणून मातेउसांचा मान राखायचा आणि ही त्रुटीही लक्षात ठेवायची.

१६५४ नंतर रोमलाही त्यांचं ओझं वाटू लागलं. पोर्तुगीजांच्या तक्रारी येतच होत्या. १६५८ च्या सुमारास बिशप भारतातून निघाले ते परत आलेच नाहीत. आयुष्याची शेवटची जवळजवळ वीस वर्षं त्यांनी रोममध्ये काढली आणि १६७७ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, ते तिथेच वारले. दीवाड पुन्हा दिसलं नाही.

मात्र त्यांची जागा रिकामी राहिली नाही. वेर्ण्याचे कुश्तोदियु द पिन्यु विजापूर-गोवळकोंड्याचे व्हिकर अपोस्टोलिक झाले आणि १६९७ पर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिलं. मातेउसांचे पुतणे तोमास द कास्त्रो कानडा किनाऱ्यावर बिशप झाले. आणि प्रोपागांदाने १६५९ मध्ये आग्नेय आशियाकडे जाणाऱ्या आपल्या बिशपांना ज्या प्रसिद्ध सूचना दिल्या, त्यांत पहिलं काम सांगितलं ते स्थानिक धर्मगुरू घडवण्याचं. लोकांच्या चालीरीतींना उगाच हात लावू नका, असंही बजावलं. डिचोलीच्या बिशपांशी वीस-तीस वर्षं चाललेला पत्रव्यवहार रोमच्या गाठीशी होता.

आता आपल्या किनाऱ्याकडे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूर घेतलं. मराठा सरदार बाजी भिवराव तिथेच पडले. मे महिन्यात वसई पडली. फिदाल्गो कुटुंबं बायकामुलांसह जहाजांत बसून निघून गेली आणि त्यांच्यामागोमाग युरोपीय पाद्रीही गेले. जेझुइटांचं कॉलेज, फ्रान्सिस्कनांचे मठ, डॉमिनिकनांची चर्चं ओस पडली; वसईच्या किल्ल्यात त्यांच्या भिंती आजही दिसतात. मागे राहिले ते इथले शेतकरी आणि मच्छीमार, मराठी अमलात, हिंदू राजवटीत. त्यांच्या लग्ना-मयताला, बाप्तिस्म्याला आणि मिस्साला कोण उभं राहिलं? मुख्यतः गोव्याचे देशी धर्मगुरू. ज्यांना ‘दुय्यम’ म्हणून शंभर वर्षं हिणवलं, त्यांच्याच हातून हा समाज सांभाळला गेला. युरोपीय पाद्र्यांवरच सगळी भिस्त असती, तर १७३९ नंतर वसईचा ख्रिस्ती समाज टिकला असता का, याची मला शंका आहे. या भूमीतल्या ख्रिस्ती माणसाला या भूमीतलाच धर्मगुरू हवा, हे मातेउसांनी १६३० च्या दशकात सांगितलं होतं. वसईच्या पाडावाने त्याचा पुरावा दिला.

गोव्याने मात्र धडा घेतला नाही. कोचीजवळचं क्रांगनोर आणि मद्रासजवळचं मैलापूर इथल्या बिशपपदांसाठी गोव्याचे दोन धर्मगुरू लिस्बनपर्यंत जाऊन रिकाम्या हातांनी परतले, आणि त्या रागातून १७८७ चा कट झाला. इतिहासात तो पिंटोंचा उठाव म्हणून नोंदला गेला. त्या दोघांपैकी जुझे आंतोनियु गोन्साल्व्हिश दीवाडचेच होते. पंधरा जणांना फाशी झाली, धर्मगुरूंना लिस्बनच्या तुरुंगात पाठवण्यात आलं. लॅटिन परंपरेत भारतीय माणसाला धर्मप्रांताचा बिशप करायला रोमला १९२३ साल उजाडावं लागलं. तुतिकोरिनचे तिबुर्शियस रोश हे ते बिशप. व्हेलेरियन ग्रेशस १९५० मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा वसई धर्मप्रांत स्थापन झाला, पालघर-डहाणूसह. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे वसईचेच, मराठीतून बोलणारे, तुकोबांवर डॉक्टरेट केलेले.

मातेउस द कास्त्रो यांच्यावर १९३७ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेन इथून एक फ्रेंच चरित्र निघालं. त्यांची पत्रं प्रोपागांदाच्या रोममधल्या दप्तरात आहेत, लॅटिन, इटालियन आणि पोर्तुगीज भाषांत. वसई धर्मप्रांतात रोमला शिकून आलेले, या भाषा वाचणारे अभ्यासू धर्मगुरू आहेत, आणि मराठीत लिहिणारेही आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी ती पत्रं काढून वाचावीत आणि या माणसाचं मोठं, पुराव्यानिशी चरित्र मराठीत लिहावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.